नदी, देवराई आणि मनुष्य : भोर-वेल्ह्याच्या भूमीवर पर्यावरणाचे अध्ययन

पर्यावरण हा विषय आता विद्यापीठीय शिक्षणात नवा राहिलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जे निर्देश दिले, त्यांपासून या विषयाचा सर्व स्तरांवरील शिक्षणक्रमात प्रवेश झाला. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम लागू केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. पुढे नव्या शैक्षणिक धोरणास अनुसरून आयोगाने २०२३ मध्ये या विषयाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

इतके होऊनही हा विषय बहुतेक विद्यार्थी केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात, ही वस्तुस्थिती आहे. आमच्या समाजात तर त्याविषयी एक वेगळीच उदासीनता आढळते. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, वाघ आणि फुलपाखरे यांची चिंता ज्यांना परवडते त्यांनी ती करावी, आमच्यापुढे शिक्षण, नोकरी आणि अत्याचार हे प्रश्न उभे आहेत, असे म्हटले जाते. हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. पर्यावरणाच्या नावाने जे पुष्कळसे लिखाण होते, त्यात डोंगर, नद्या व वृक्ष दिसतात, परंतु त्या डोंगरावर कोण राहतो, नदीचे पाणी कोणाच्या शेतात जाते आणि वृक्ष कोणाच्या मालकीचा आहे, हे दिसत नाही. म्हणून या लेखात आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, पर्यावरणाचा प्रश्न हा मुळात मनुष्या-मनुष्यांतील संबंधाचा प्रश्न आहे. तो तसा अभ्यासिला तरच त्याचे खरे स्वरूप कळते. आणि असा अभ्यास कोणत्याही एका शास्त्राच्या आवाक्यातला नाही. उदाहरणासाठी आम्ही पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके घेतले आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे झाले आहे. तथापि जुन्या दप्तरांत व लोकांच्या बोलण्यात वेल्हे हेच नाव असल्याने येथे तेच वापरले आहे.

पाणी कोठे पडते आणि कोठे जाते

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहेत. पश्चिमेच्या कड्यांवर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेस नसरापूर-कापूरहोळकडे येता येता तो झपाट्याने कमी होतो. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे, मोसे खोरे ही जुनी नावे पाहिली तरी लक्षात येते की, येथील लोकांनी आपला मुलुख नदीच्या खोऱ्यावरून ओळखला. भात, नाचणी व वरई ही येथील पिके. खडक काळा बेसाल्टचा. त्यात पाणी फार मुरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात जेथे पाण्याचा लोट वाहतो, तेथेच चैत्र-वैशाखात उंचावरील वाड्या-वस्त्यांना पाणवठा शोधावा लागतो.

या पाण्याचा मोठा भाग धरणांत अडविला जातो. वेळवंडी नदीवरील भाटघरचे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. त्याच्या जागी सध्याचे मोठे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २३.५ टीएमसी म्हणजे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. भाटघर तेव्हा भोर संस्थानाच्या मुलुखात होते. पाणी साठले संस्थानी प्रजेच्या जमिनीवर आणि नीरेच्या डाव्या कालव्याने ते गेले बारामती-इंदापूरकडे, उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे. पुढे खुद्द नीरा नदीवर नीरा-देवघर धरण झाले, तेही भोर तालुक्यातच. वेल्ह्याच्या बाजूस अंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव ही धरणे झाली, तर कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यात गुंजवणी धरण झाले. पुणे शहरास पाणी पुरविणाऱ्या खडकवासला साखळीत खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर अशी चार धरणे येतात. त्यांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे आणि त्यापैकी सुमारे साडेतेवीस टीएमसी, म्हणजे पाचांपैकी चार हिस्से, एकट्या पानशेत व वरसगावचा आहे. पुण्यात नळ सोडणाऱ्या मनुष्यास हे सहसा ठाऊक नसते.

धरणे झाली नसती तर बरे झाले असते, असे आम्ही म्हणत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना त्यांनी दामोदर व महानदीच्या खोऱ्यांत बहुउद्देशी प्रकल्पांचा पुरस्कार केला, हे सर्वविदित आहे. पूर, दुष्काळ व दारिद्र्य ही निसर्गाची अटळ देणगी नसून पाण्याच्या नियोजनाने ती दूर करता येतात, अशी त्यांची भूमिका होती. परंतु याच भूमिकेतून पुढील प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. नियोजन कोणासाठी, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या खर्चाने?

रोहिणीच्या तंट्यापासून चवदार तळ्यापर्यंत

बौद्ध वाचकास हा प्रश्न अपरिचित नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा बाजूस सारली आणि त्याच्या परिव्रज्येचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात दाखविले. पाणी प्रथम कोणी घ्यावे व किती घ्यावे, हा तो वाद होता. युद्धाच्या ठरावास विरोध करताना सिद्धार्थाने उभय पक्षांचे प्रतिनिधी नेमून चौकशी व लवाद करण्याचा मार्ग सुचविला. बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या परंपरेच्या या नव्या मांडणीत धम्माच्या शोधाचा आरंभच मुळी नदीच्या पाण्याच्या वाटपापासून होतो.

रोहिणीच्या तंट्याचा वृत्तान्त पाली अट्ठकथांतही आहे, परंतु तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. धम्मपदट्ठकथेतील सुखवग्गात आणि कुणाल जातकाच्या प्रस्तावनेत तो येतो. त्यातील एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ज्येष्ठ महिन्यात नदीचे पाणी आटले, पिके करपू लागली आणि दोन्ही नगरांच्या दास-कामगारांत बांधावर भांडण जुंपले. ते वाढत वाढत राजांपर्यंत गेले व सैन्ये समोरासमोर उभी राहिली. तथागतांनी तेथे जाऊन कलहाचे कारण विचारले, तेव्हा राजांना ते सांगता येईना. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी प्रश्न दास-कामगारांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी सांगितले की, हा कलह पाण्याचा आहे. ज्यांच्या हातात शस्त्रे व अधिकार होते त्यांना कारण ठाऊक नव्हते. ज्यांच्या हातात फावडे होते त्यांना ते ठाऊक होते. संशोधनाच्या पद्धतीचा याहून चांगला धडा आम्हांस अन्यत्र आढळलेला नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाडचा परिसर लागतो. तेथील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले, त्याचा विचार आपण सामाजिक समतेचा लढा म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. पण त्याची एक बाजू पर्यावरणाच्या अभ्यासकानेही ध्यानात घेतली पाहिजे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी तळ्यात पाणी असून ते अस्पृश्यांसाठी नव्हते. न्यायालयीन लढा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये निकाल लागला. पाण्याचे मोजमाप करणारा शास्त्रज्ञ त्या तळ्याची लांबी, रुंदी व खोली अचूक सांगू शकला असता. परंतु त्या तळ्याकाठी मनुष्य तहानलेला का आहे, याचे उत्तर त्याच्या मोजमापात कोठेही सापडले नसते. टंचाई दोन प्रकारची असते. एक निसर्गाने निर्माण केलेली आणि दुसरी समाजाने. या दोहोंचा भेद करावयाचा तर जलशास्त्रास समाजशास्त्राची जोड द्यावीच लागते.

एका शास्त्राची अपूर्णता

पानशेतचेच उदाहरण घेऊ. हे नाव उच्चारताच पुणेकरांस १२ जुलै १९६१ आठवतो. त्या दिवशी धरण फुटले, खडकवासल्याचेही धरण टिकले नाही आणि मुठेच्या पुराने शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी या आपत्तीचा व नंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास केला. तो १९६० च्या दशकात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे याच गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना केली. अर्थशास्त्राच्या मार्गाने आलेला अभ्यासक परिसरविज्ञानाकडे वळला, यात आश्चर्य नाही. प्रश्नच त्याला तिकडे घेऊन गेला.

परंतु फुटलेल्या धरणाची आठवण जितकी ठळक आहे, तितकी त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नाही. अभियंता सांगेल की भिंत का फुटली. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगेल की खोऱ्यातील कोणते वृक्ष बुडाले आणि काठावर कोणते उरले. अर्थशास्त्रज्ञ भरपाईचा हिशेब मांडील. पण भरपाई कोणास मिळाली, हे ठरते जमिनीच्या दप्तरावरून. आणि दप्तरात ज्याचे नाव नाही तो मनुष्य या तिन्ही हिशेबांतून निसटतो. भातखाचरात मजुरी करणारा, गुरे राखणारा, रानातून सरपण व मध आणणारा, गावकीची कामे करून बलुत्यावर जगणारा, यांचे जे बुडते ते सातबाराच्या उताऱ्यावर लिहिलेले नसते. महार वतने ज्या कायद्याने संपली तो मुंबईचा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा १९५८ चा. त्याच सुमारास पानशेतचे काम चालू होते. अशा संधिकाळात एखाद्या गावच्या वतनी जमिनी कोणाच्या नावे लागल्या, कोणत्या संपादित झाल्या आणि पैसे कोणाच्या हाती पडले, हे गावोगावचे फेरफार तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. हे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे; पण त्यावाचून पर्यावरणाचा अभ्यासही अपुराच राहतो.

कायद्याची वाटचालही येथे पाहण्यासारखी आहे. शेजारच्या मुळशीत टाटांच्या वीज प्रकल्पाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला; सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्याचे अग्रणी होते. तरी प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात आला तो १९७६ मध्ये, म्हणजे पानशेत बांधून, फुटून, पुन्हा उभे राहिल्यानंतर. लाभक्षेत्रातील जमीन विस्थापितास द्यावी, हे तत्त्व त्यात होते. भूसंपादनाच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संपादित जमिनीवर उपजीविका असलेल्या भूमिहीन मजुराच्या कुटुंबासही बाधित कुटुंब मानले. म्हणजे जो मनुष्य दप्तरात नव्हता, तो कायद्याच्या व्याख्येत येण्यास इतका काळ लागला. कोयनेच्या विस्थापितांची पाहणी डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी केली, तशा पाहण्यांचा या बदलामागे निश्चितच वाटा आहे. समाजशास्त्रज्ञाने घरोघरी जाऊन विचारलेले प्रश्न असेच सावकाश कायद्याच्या भाषेत उतरतात.

अलीकडचा प्रश्न लवासाचा. वरसगाव जलाशयाच्या काठी, मुळशी व वेल्हे तालुक्यांतील गावांच्या जमिनीवर डोंगरी शहर वसविण्याचा हा प्रकल्प. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबविण्याची नोटीस दिली आणि वर्षभराने पहिल्या टप्प्यास अटींवर परवानगी दिली. ज्या जलाशयासाठी एकदा गावे उठविली, त्याच जलाशयाचे सौंदर्य विक्रीस निघावे, यातील विसंगती कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. ती समजण्यास इतिहास लागतो.

देवराई आणि शरण

आता एका अधिक नाजूक विषयाकडे येऊ. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत अनेक गावांना देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या या वनखंडांत कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेली काटकीही उचलावयाची नाही, असा दंडक असे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. सभोवतालचा डोंगर उघडा पडला असतानाही देवराईत आंबा, जांभूळ, बेहडा यांचे जुने वृक्ष व गारंबीसारख्या महावेली टिकून असतात. पुष्कळ ठिकाणी गावचा झराही तेथेच असतो. धरणांबरोबर रस्ते आले, लाकूड व कोळसा शहराकडे जाऊ लागला, तेव्हा या रायांवरही कुऱ्हाड आली. जेथे ती आली नाही, तेथे देवळाचा जीर्णोद्धार सिमेंटचा झाला आणि त्यासाठी वृक्ष गेले.

धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मनुष्याने या देवरायांकडे कसे पाहावे? देव मानावयाचा नाही, तर देवाच्या नावाने राखलेले वन हेही अंधश्रद्धेचे अवशेष म्हणून त्याज्य मानावयाचे काय? उलट पक्षी, पर्यावरणप्रेमी मंडळी जेव्हा देवराईची स्तुती करतात, तेव्हा ती स्तुती ग्रामदेवतेच्या, मानकऱ्यांच्या व विटाळाच्या कल्पनेची स्तुती होत नाही ना, अशी शंका आमच्या मनात येते. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांस बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे खडसावले, ते येथे विसरता येत नाही.

पाली साहित्य या बाबतीत उपयुक्त भेद करून देते. धम्मपदाच्या बुद्धवग्गात असा आशय आहे की, भयाने व्याकूळ झालेली माणसे पर्वत, वने, उद्याने व वृक्षचैत्ये यांना शरण जातात, परंतु ते शरण क्षेमाचे नव्हे. म्हणजे वृक्षाची भीतिपोटी केलेली पूजा बुद्धांना मान्य नाही. दुसरीकडे संयुत्तनिकायाच्या देवतासंयुत्तात वने व उद्याने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया, विहिरी व निवारे उभारणारे यांचे पुण्य अहोरात्र वाढते, असे सांगितले आहे. विनयातही हीच दृष्टी आहे. वृक्ष-वनस्पतींची हानी करणे हे भिक्षूस पाचित्तिय आहे. वर्षावासाची प्रथाच मुळी, पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत व बारीक जीव तुडवितात, या लोकांच्या तक्रारीवरून सुरू झाली, असे महावग्गात येते. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण किंवा हिंसेसाठी वणवे लावण्यास मनाई केली, हेही येथे आठवावे. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यात आजही वणवे पेटतात.

या सर्वांचा इत्यर्थ असा की, वृक्षास शरण जाऊ नये, पण वृक्ष राखावा. देवराईच्या रक्षणाचा आधार भय हा होता. तो आधार आता ढासळत आहे आणि तो ढासळला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या जागी ज्ञान व परस्परांविषयीची जबाबदारी हा आधार उभा केला नाही, तर भय गेले आणि वनही गेले, अशी अवस्था होईल. राईत कोणते वृक्ष आहेत, तेथील झऱ्यावर कोणत्या वस्त्या अवलंबून आहेत, राखणीचा निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयात बौद्धवाडा, धनगरवाडा व महादेव कोळ्यांची वस्ती यांना स्थान आहे की नाही, हे प्रश्न विचारणे म्हणजे देवराईचा धम्मदृष्टीने अभ्यास करणे होय.

मानवकेंद्री म्हणजे काय

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मानवकेंद्री अध्ययन म्हणजे मनुष्य हा सृष्टीचा स्वामी आणि बाकीचे सर्व त्याच्या उपभोगासाठी, असे मानणे नव्हे. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त मानणाऱ्यास तसे म्हणताच येणार नाही. कारण त्यात कोणतीही वस्तू स्वयंभू व स्वतंत्र नसते. मानवकेंद्री याचा अर्थ इतकाच की, दुःख कोणास होते, ते कोणत्या हेतु-प्रत्ययांनी होते आणि कोणत्या मनुष्यव्यवहाराच्या बदलाने ते थांबेल, या प्रश्नांना अभ्यासात मध्यवर्ती स्थान द्यावयाचे. वृक्ष, पशू व नद्या यांची हानी मनुष्याच्या तृष्णेतून होते आणि तिचा पहिला आघात दुर्बल मनुष्यावर होतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

दीघनिकायाच्या कूटदन्तसुत्तात हे एकत्व फार स्पष्टपणे आले आहे. तेथे आदर्श यज्ञाचे वर्णन करताना पशू मारले गेले नाहीत, यूपांसाठी झाडे तोडली गेली नाहीत, दर्भ कापला गेला नाही, असे सांगून लगेच म्हटले आहे की, दास व कामगार यांनी दंडाच्या भयाने, रडत रडत कामे केली नाहीत. पशू, वृक्ष, गवत आणि कामगार यांची दखल एकाच ओघात घेतली आहे. त्याच सुत्तात शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे, म्हणजे राज्यात शांतता नांदेल, असा उपदेश येतो. अग्गञ्ञसुत्तात साठेबाजी व लोभ यांमुळे पृथ्वीची समृद्धी घटत गेल्याचे रूपक आहे, तर चक्कवत्तिसीहनादसुत्तात दारिद्र्यापासून चोरी, हिंसा व आयुर्ऱ्हास यांची साखळी दाखविली आहे. यावरून बुद्ध हे आधुनिक अर्थाने पर्यावरणवादी होते, असा निष्कर्ष काढणे मात्र आम्हांस शास्त्रशुद्ध वाटत नाही. कार्बन, प्रदूषण किंवा जैवविविधता या आजच्या संकल्पना निकायांत शोधणे म्हणजे ग्रंथांवर अन्याय होय. निकायांतून आपणांस उत्तरे नव्हेत, तर प्रश्न विचारण्याची रीत मिळते.

अभ्यासाची रीत

अशा अभ्यासाचा आदर्श आपल्या परिसरातच आहे. धर्मानंद कोसंबी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी व्यवसायाने गणितज्ञ. परंतु पुण्याच्या आसमंतातील डोंगर-खोरी पायी तुडवून त्यांनी लेणी, घाटवाटा, दगडी अवजारे व रानातील देवींची ठाणी यांचा परस्परसंबंध लावला. १९६२ च्या त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात तो वाचावयास मिळतो. कार्ल्याच्या शिलालेखात 'मामाल आहार' असा प्रदेशाचा उल्लेख येतो आणि तेथील भिक्षूंसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. 'मावळ' हे नाव याच मामालापासून आले असावे, असे मानले जाते. शिलालेख वाचणाऱ्यास जमीन पाहावी लागते आणि जमीन पाहणाऱ्यास शिलालेख वाचावा लागतो, हे कोसंबींनी कृतीने दाखविले.

आज या रीतीची गरज किती आहे, हे पश्चिम घाटाच्या अहवालांवरून कळते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. पहिल्याने निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांवर भर दिला. दुसऱ्याने प्रामुख्याने उपग्रहचित्रांच्या साहाय्याने संवेदनशील गावे निश्चित केली. २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. भोर-वेल्ह्यातील अनेक गावे त्या याद्यांत आहेत. मूळ अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या जमिनीविषयी ते होते त्यांची भाषा मराठी. परिणामी गावात पोहोचली ती अफवा. वनहक्क कायद्याचेही असेच. २००६ च्या या कायद्याने आदिवासींप्रमाणे अन्य पारंपरिक वननिवासींनाही हक्क दिले, पण अन्य वननिवासींना पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याची अट आहे. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात. त्याच डोंगरावरील धनगर तसे येत नाहीत. एकाच रानात राहणाऱ्या दोन कुटुंबांना पुराव्याची दोन निरनिराळी ओझी उचलावी लागतात. जुनी कागदपत्रे वाचू शकणारा आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी नीट टिपू शकणारा विद्यार्थी येथे किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या विहारांतून व वसतिगृहांतून महाविद्यालयात जाणारी जी मुले-मुली पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून चार चित्रे चिकटवून वही सादर करतात, त्यांनी त्याऐवजी एक खोरे घ्यावे. निरनिराळ्या शाखांच्या पाच-सहा जणांनी मिळून ते घ्यावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मार्च ते मे या महिन्यांत पाणवठ्यांतील पाण्याची पातळी टिपावी. भूगोलाच्या विद्यार्थ्याने वस्त्यांचा नकाशा काढून कोणती वस्ती पाणवठ्यापासून किती दूर आहे ते दाखवावे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने जमीनविक्रीचे व्यवहार व मजुरीचे दर पाहावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने फेरफार व जुनी दप्तरे वाचावीत. मराठीच्या विद्यार्थ्याने झाडे, गवते, शेताचे तुकडे व ओढे यांची स्थानिक नावे गोळा करावीत. विद्यार्थिनींनी स्त्रियांचा सरपण-पाण्यात जाणारा वेळ नोंदवावा, कारण ती माहिती पुरुषांस सहसा सांगितली जात नाही. मग सर्वांनी एकत्र बसून आपापल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवाव्यात. ज्या वाडीचा पाणवठा प्रथम आटतो, तीच वाडी सर्वांत दूर आहे काय, तिच्याच जमिनी दप्तरात नाहीत काय, तेथीलच माणसे आधी शहरात गेली काय, हे तेव्हाच दिसेल. एकेकट्या नोंदीत ते दिसत नाही. तयार झालेली टिपणे मराठीत लिहून ज्या गावाविषयी ती आहेत त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि चुका असतील तर गावकऱ्यांकडून दुरुस्त करून घ्याव्यात.

राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्यांपैकी एक म्हणून झाला आहे. या डोंगरांकडे पर्यटक, गुंतवणूकदार व अधिकारी यांची पावले आता अधिक वेगाने वळतील आणि जमिनीविषयीचे निर्णयही त्याच वेगाने होतील. ते होत असताना खोऱ्यातील शेवटच्या वाडीची बाजू पुराव्यानिशी मांडणारे शिक्षित तरुण तेथे असतील की नाही, हे बहुतांशी आपल्यावर अवलंबून आहे. अट्ठकथेतील राजांप्रमाणे कलहाचे कारण इतरांस विचारीत बसण्याची वेळ आपल्या विद्यार्थ्यांवर येऊ नये. त्यांनी थेट बांधावर जाऊन विचारावे. तेथे उत्तर देणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी आता वृद्ध झाली आहेत. म्हणून हे काम येत्या उन्हाळ्यापासूनच हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.